नाव उतरेपर्यंत गाडी अण्णांचीच

अण्णांची वॅगन-आर आमच्या साताऱ्यातल्या, गोडोलीतल्या घरी, पत्र्याच्या शेडखाली जवळजवळ तीन वर्षं उभी होती. जून २००९ची गाडी, एमएच ११, पेट्रोल, पहिल्यापासून एकाच हातातली. २०२२च्या मार्चमध्ये पोवई नाक्यावरून घरी येताना अण्णांचा हात स्टिअरिंगवर थरथरायला लागला. घरी आल्यावर त्यांनी आपणहून किल्ली माझ्यासमोर ठेवली. "आता बास," एवढंच म्हणाले. त्याच महिन्यात विम्याची मुदत संपत होती. गाडी चालवायचीच नाही तर विमा कशाला, म्हणून तो भरला नाही. मग पीयूसी संपली. जून २०२४ला गाडीला पंधरा वर्षं झाली आणि पासिंगही, म्हणजे आरटीओतल्या नोंदणीची मुदतही, संपलं. गाडी जागची हलत नव्हती, त्यामुळे यातलं काही आमच्या अंगावर आलं नाही.

२०२४च्या दिवाळीत भाऊ पुण्याहून आला आणि गाडी विकायचं ठरलं. त्याने फोटो टाकले. दोन दिवसांत फोनवर फोन आले, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच: "पासिंग आहे का?" नाही म्हटलं की समोरचा एकतर फोन ठेवायचा, नाहीतर भाव निम्मा करायचा.

तिसऱ्या दिवशी गाडीबाजारातले एक जण घरी आले. गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेट उघडून बघितलं आणि ४५ हजार रोख द्यायला तयार झाले. म्हणाले, "कागदांचं तुम्ही काही बघू नका ताई. ह्या टीटीओ फॉर्मवर काकांच्या सह्या द्या, आधारची झेरॉक्स द्या. टोचन लावून आत्ताच्या आत्ता गाडी नेतो." नाव बदलायचे ते फॉर्म कोरे होते. घेणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही, रक्कम नाही. भावाला पुण्याला परत जायचं होतं, त्याने पेनसुद्धा काढलं होतं. मी त्याचा हात धरला. त्या माणसाला चहा दिला आणि विचार करून कळवते म्हणून वाटेला लावलं.

भाऊ चिडला. त्याचं म्हणणं साधं होतं: गाडी गेली, पैसे आले, विषय संपला. पण मी २०१६ साली जे बघितलं होतं ते त्याने बघितलं नव्हतं.

त्या वर्षी आमच्या मावसभावाला वाढे फाट्याजवळ एका मोटरसायकलने उडवलं. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, आठ महिने तो घरी पडून होता. त्या मोटरसायकलला विमा नव्हता. चालवणाऱ्या पोराने ती कुणाकडून तरी घेतली होती, त्या कुणीतरी आणखी कुणाकडून. कागदावर मात्र पहिल्याच मालकाचं नाव होतं, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं. नुकसानभरपाईच्या दाव्याच्या तारखांना मी मावशीबरोबर कोर्टात जायची. व्हरांड्यातल्या बाकड्यावर एका टोकाला आम्ही बसायचो आणि दुसऱ्या टोकाला तो म्हातारा, मांडीवर पिशवी घेऊन. एकदा तोच सरकून जवळ आला. "बाई, गाडी इकून चार वर्सं झाली. आता मला तिचा रंगबी नीट आठवत न्हाई. शंभराच्या स्टॅम्पवर लिवून दिलंय," असं म्हणून त्याने तो कागद पिशवीतून काढून दाखवला. घड्यांवर फाटत आलेला, नोटरीचा शिक्का असलेला. त्या कागदाने त्याचं नाव दाव्यातून निघालं नाही. आणि विमा कंपनीच नसल्यामुळे आमच्या भावालाही भरपाईचे पैसे तुकड्यातुकड्याने, वर्षानुवर्षं वाट बघून मिळाले. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७४ प्रमाणे अशी रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. म्हणजे शेवटी त्या म्हाताऱ्याच्या रानापर्यंत जाऊन पोचायचं. मावशी त्या दिवशी घरी आल्यावर जेवली नाही. आपल्या पोराचं नुकसान तिला दिसत होतं आणि त्या म्हाताऱ्याचंही.

भावाशी भांडत बसण्यापेक्षा मी आमच्या मावसभावाच्या वकीलबाईंना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. कायद्याच्या कलम २(३०) प्रमाणे ज्याच्या नावावर गाडीची नोंद तोच मालक. पैसे कुणी दिले, ताबा कुणाकडे आहे, हे नंतरचं. आणि ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या अशाच प्रकरणात निकाल दिला आहे. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे, चौथ्याकडे गेली होती, अपघात झाला आणि जबाबदारी नोंदीत ज्याचं नाव होतं त्या पहिल्या विकणाऱ्यावरच आली. जखमी माणसाने खऱ्या मालकाचा माग काढत दारोदार फिरावं, अशी अपेक्षा करता येत नाही, असा त्यामागचा विचार. तो मला पटतो. मी त्या बाकड्याच्या जखमी माणसाच्या बाजूला बसले आहे.

भाऊ गप्प झाला. अण्णा सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "माझ्या नावाची गाडी कुणाच्या पोराला लागायला नको. वेळ लागू दे."

म्हणून आम्ही ठरवलं: आधी कागद पूर्ण करायचे, मग गिऱ्हाईक बघायचं. विमा नसलेली, कर थकलेली गाडी विकणं हा काही गुन्हा नाही. घेणाऱ्याला खरं सांगून, फ्लॅटबेडवर चढवून ती देता येते. गुन्हा होतो ती रस्त्यावर आणली की. पण विमा, पासिंग आणि कर यांच्याशिवाय आरटीओत नाव बदलत नाही. म्हणजे अशी गाडी विकायची ती घेणाऱ्याच्या शब्दावर, की तो पुढे हे सगळं करून घेईल. तेवढी जोखीम अण्णांच्या नावावर ठेवायला मी तयार नव्हते.

कराचा घोळ आधी सांगते, कारण त्यात आम्हीही फसलो होतो. अण्णांचं म्हणणं, "मी गाडी घेतानाच सगळा रोड टॅक्स भरलाय, पावती आहे." ते खरं होतं. आपल्याकडे खासगी गाडीचा कर एकरकमी भरला जातो. पण पंधरा वर्षांनंतर पुन्हा नोंदणी करताना पर्यावरण कर लागतो, आणि आमच्यावर थकला होता तो हा. तेव्हा पेट्रोल गाडीला पाच वर्षांचे ३,००० रुपये होते, डिझेलला ३,५००. आमच्या गल्लीत निम्म्या लोकांची अशी समजूत आहे की पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारातच घालावी लागते. तसं नाही. तो नियम दिल्ली आणि आसपासच्या भागातला. आपल्याकडे गाडी तपासणीत उतरली की पाच वर्षांसाठी पुन्हा पासिंग होतं.

त्याची फी मात्र वाढली आहे. पूर्वी ६०० रुपये होती, १ एप्रिल २०२२ पासून मोटारीला ५,०००. शिवाय मुदत उलटून गेलेल्या प्रत्येक महिन्याला ५०० रुपये. जून ते फेब्रुवारी असे आमचे आठ महिने झाले होते, त्याचे ४,००० वेगळे गेले. मे महिन्यात जाग आली असती तर ते वाचले असते.

सुरुवात विम्यापासून केली. अण्णांनी तेरा वर्षांत एकदाही क्लेम घेतला नव्हता आणि त्यांचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, पन्नास टक्क्यांवर होता. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की तो जातो, तसा तो २०२२ सालीच गेला होता. इतक्या वर्षांची सांभाळून चालवलेली गाडी आणि तिची कमाई तीन महिन्यांच्या दुर्लक्षाने पुसली गेली, याचं मला फार वाईट वाटलं. पूर्ण विम्यासाठी कंपनीचा माणूस गाडी तपासून जातो. आम्हाला गाडी विकायचीच होती म्हणून फक्त थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा विमा, घेतला. १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी गाडीला ३,४१६ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ४,०३१. कागद हातात आला तेव्हा गाडी अजून सुरूही होत नव्हती. तरी मला त्या रात्री झोप नीट लागली.

मग मेकॅनिक. तीन वर्षं उभ्या गाडीचं काय होतं ते सगळं झालं होतं. बॅटरी मेलेली, टाकीतलं पेट्रोल नासलेलं, दोन टायर जमिनीला टेकून चपटे झालेले आणि एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी केलेलं घर. हेडलाइटची वायर कुरतडलेली. चार दिवस तो संध्याकाळी येऊन काम करत होता. चौथ्या दिवशी इंजिन लागलं. अण्णा खुर्ची घेऊन शेडजवळ बसले होते. आवाज ऐकून म्हणाले, "एक सिलिंडर चुकतोय." प्लग बदलल्यावर खरंच आवाज बदलला.

तपासणीच्या आदल्या दिवशी तो मेकॅनिक म्हणाला, "ताई, फ्लॅटबेड कशाला? अठराशे रुपये घेतील. पहाटे सहाला मी चालवत नेऊन लावतो. कुत्रं नसतंय रस्त्याला." मनाने चांगला माणूस, आमचे पैसे वाचवत होता. विमा तर आता होता. पण नोंदणी संपलेली, पीयूसी नाही. अशी गाडी रस्त्यावर असताना पहाटे दुधाला निघालेल्या कुणाला धक्का लागला, तर विमा कंपनी काय काय विचारील हे मी कोर्टात ऐकलेलं होतं. आणि विमाही नसता, तर नुसतं चालवण्याबद्दलच पहिल्या वेळेला २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मी फ्लॅटबेडच बोलावला. गल्लीतली माणसं गॅलरीत येऊन बघत होती, गाडी बंद पडली की काय म्हणून.

आरटीओच्या बाहेर पीयूसीची व्हॅन उभी असते, तिथेच सहा महिन्यांची पीयूसी झाली. आत मोटार वाहन निरीक्षकांनी चासी नंबर, इंजिन नंबर जुळवून बघितले, दिवे, हॉर्न, वायपर, ब्रेक, सीटबेल्ट तपासले. मागचा ब्रेकचा दिवा लागेना. मेकॅनिक बरोबर होता आणि त्याच्या खिशात बल्ब होता, म्हणून दुसरा हेलपाटा टळला. तपासणीला जाताना मेकॅनिकला बरोबर न्याच, त्याचा दिवस भरून द्या.

याच्या आधी ऑनलाइन अर्ज करताना जे अडलं ते सांगायचं राहिलं. परिवहन खात्याच्या ‘वाहन’ पोर्टलवर प्रत्येक पायरीला ओटीपी येतो आणि तो जात होता अण्णांच्या जुन्या नंबरवर, जो आम्ही केव्हाच बंद केला होता. आधी चासी नंबर, इंजिन नंबर आणि आधार देऊन मोबाइल नंबर बदलून घ्यावा लागला. आधारलाही जुनाच नंबर होता, म्हणून त्याआधी आधार केंद्रात जावं लागलं. अण्णांची बोटं थरथरत होती, ठसे उमटेनात. तिथल्या मुलीने ओला रुमाल आणला, अण्णांचा एकेक हात पुसला आणि आपल्या हाताने धरून मशिनवर ठेवला. पाचव्यांदा ठसा उमटला. घरात म्हातारं माणूस असेल आणि त्याच्या नावावर काहीही असेल, तर गाडी विकायची असो वा नसो, हे नंबर आजच बघून घ्या.

दुसरं अडलं ते आरसीवरच्या, म्हणजे गाडीच्या नोंदणी कार्डावरच्या, कर्जाच्या बोज्यापाशी. गाडी घेताना अण्णांनी पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं, ते २०१३ सालीच फिटलं होतं. हप्ते संपले, दाखला मिळाला, तो कपाटात ठेवला. पण आरटीओत जाऊन बोजा उतरवायचा असतो हे कुणी सांगितलं नाही. अकरा वर्षं आरसीवर पतसंस्थेचं नाव तसंच होतं. नशिबाने संस्था अजून चालू आहे. त्यांनी दोन दिवसांत फॉर्म ३५ वर सही-शिक्का आणि नवा ना-हरकत दाखला दिला.

आणि नंबरप्लेट. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नव्या सुरक्षित प्लेटा बसवायचं काम त्याच महिन्यांत सुरू झालं होतं आणि प्लेट नसेल तर नाव बदलायचं काम अडेल असं आम्हाला सांगण्यात आलं. मोटारीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. गर्दी इतकी की तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. पासिंग तोपर्यंत झालं होतं, त्यामुळे प्लेट बसवायला गाडी चालवत नेता आली. तीन वर्षांनी पहिल्यांदा. मी चालवत होते, अण्णा शेजारी बसले होते. समर्थ मंदिराकडच्या चढावर त्यांचा डावा पाय आपोआप क्लचसाठी दाबला जात होता.

मार्चच्या सुरुवातीला पुन्हा फोटो टाकले, या वेळी पासिंग, विमा, पीयूसी, प्लेट सगळं लिहून. टायर जुने आहेत, एसी चालत नाही, डाव्या दारावर ओरखडा आहे, हेही लिहिलं. कराडहून एक फोन आला, त्यांना गाडीची नोंद कराडच्या आरटीओत, एमएच ५० मध्ये न्यायची होती. मला शक्य तो आपल्याच आरटीओतलं गिऱ्हाईक हवं होतं. शेवटी कोरेगाव तालुक्यातले जिल्हा परिषद शाळेचे एक गुरुजी बायकोला आणि आईला घेऊन आले. आईंचे गुडघे गेले होते, एसटीची पायरी चढता येत नव्हती, म्हणून गाडी हवी होती. वॅगन-आरचं दार उंच, सीट उंच. आई पुढच्या सीटवर बसल्या, उतरल्या, पुन्हा बसल्या आणि म्हणाल्या, "ही बरी हाय. वाकाय लागत न्हाई."

गुरुजींनी यवतेश्वरच्या घाटात गाडी नेऊन बघितली. त्यांचा परवाना आधी बघून मी फोटो काढून घेतला, तेव्हा ते जरा अवघडले. मी म्हटलं, "गुरुजी, गाडी अण्णांच्या नावावर आहे, काही झालं तर दोघांनाही त्रास." त्यांनी मान डोलावली. डिसेंबरमध्येही दोघे-तिघे ट्रायल मागत होते, त्यांना मी फाटकाच्या आतच इंजिन सुरू करून दाखवीन म्हटलं होतं. आपल्या गल्लीतला रस्ता आपला वाटतो, पण जिथे लोकांची ये-जा आहे ती कायद्याने सार्वजनिक जागाच.

८२ हजारांना सौदा ठरला. पाच हजार इसार. बाकीच्या रकमेचं आम्ही असं ठरवलं: नावाच्या अर्जाची पावती हातात आली की ६७ हजार बँकेतून आणि गाडीचा ताबा. राहिलेले दहा हजार नवं आरसी कार्ड त्यांच्या नावाने आल्यावर. भावाला हे पटलं नाही, दहा हजार अडकवून का ठेवायचे म्हणून. पण गुरुजींनाही भरवसा हवा ना, की मध्येच एखादी सही लागली तर आम्ही येऊ? आमच्या बाजूने पावतीशिवाय किल्ली नाही, त्यांच्या बाजूने कार्डाशिवाय शेवटचे पैसे नाहीत. दोघांनाही ते रास्त वाटलं.

फॉर्म २९ आणि ३० आम्ही आमच्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरले. २९ विकणाऱ्याची खबर, ३० नाव बदलण्याचा अर्ज. विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्याने तीस दिवसांत. एकही रकाना कोरा न ठेवता, गुरुजींचं नाव, पत्ता, तारीख सगळं भरल्यावरच अण्णांनी पेन हातात घेतलं. चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा काढायचं काम गुरुजींच्या पत्नींनी केलं, पहिल्याच झटक्यात स्वच्छ आला.

करारनामा ५०० च्या स्टॅम्पवर केला. ऑक्टोबर २०२४ पासून आपल्याकडे शंभराचा स्टॅम्प अशा कामाला चालत नाही. त्यात मी एक ओळ आग्रहाने घातली: ताबा दिल्याची तारीख आणि वेळ. "दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी." त्याच्या आधीचं सगळं आमचं, त्याच्या नंतरचं सगळं त्यांचं. आरटीओतली नोंद बदलेपर्यंत हा कागद अण्णांना पूर्ण वाचवणार नाही हे मला माहीत होतं. पण पोलीस दारात आले तर गाडी कुणाकडे आहे एवढं तरी त्यातून लगेच दाखवता येतं. विमा चालू होता हा खरा आधार. गाडी विकली की तिसऱ्या व्यक्तीसाठीचा विमा कायद्यानेच नव्या मालकाकडे जातो, फक्त त्याने चौदा दिवसांत कंपनीला कळवून नाव बदलून घ्यायचं. ते गुरुजींनी त्याच आठवड्यात केलं आणि मला कागदाचा फोटो पाठवला.

कागद आरटीओत दिले तेव्हा अण्णांची सही जुळेना. २००९च्या कागदावरची त्यांची सही बँकेत काम केलेल्या माणसाची, एका ओढीत काढलेली. आताची तुटक, प्रत्येक अक्षर वेगळं. मला खिडकीतून विचारलं, "सही करणारे स्वतः येऊ शकतात का?" अण्णा बाहेर रिक्षात बसले होते. जिना चढणं त्यांना शक्य नव्हतं. तिथल्या एका कर्मचाऱ्याने फाइल घेतली, खाली रिक्षापाशी आला, अण्णांचं आधार बघितलं आणि म्हणाला, "काका, माझ्यासमोर एकदा करा." अण्णांनी सही केली. त्या माणसाने कागद घाईने ओढला नाही, शेवटची रेघ पूर्ण होईपर्यंत तो थांबला. मग त्याने विचारलं, "गाडी कुणाला विकलीत, माहीत आहे ना?" अण्णांनी गुरुजींचं नाव, गाव आणि रक्कम तिन्ही सांगितलं. ते ऐकून तो वर गेला.

संध्याकाळी गाडी गेली. जाण्याआधी मी पुढच्या काचेवरचा फास्टॅग खरवडून काढला आणि बँकेला सांगून खातं बंद केलं. तो तसाच राहिला असता तर आनेवाडीचा आणि तासवड्याचा टोल अण्णांच्या खात्यातून कापला गेला असता. २०२१चं एक ई-चलान शिल्लक निघालं होतं, तेही आधीच भरून टाकलं होतं. अण्णांनी गुरुजींना एका कागदावर गाडीच्या सवयी लिहून दिल्या, मला सांगून, माझ्या अक्षरात. थंडीत पहिल्यांदा सुरू होताना ॲक्सिलेटर दाबायचा नाही. उजवीकडची मागची काच अर्ध्यावर अडते, हाताने थोडी वर उचलायची. दिवे लावलेले राहिले तर सूचना देणारा आवाज येत नाही, उतरताना बघायचं. एकूण अकरा मुद्दे झाले.

त्यानंतरचे दिवस मी रोज सकाळी मोबाइलवर गाडीचा नंबर टाकून बघायची. मालक म्हणून अण्णांचंच नाव. रोज. शाळेच्या ऑफिसात दुपारी डबा खातानाही बघायची. रस्त्याने ॲम्ब्युलन्सचा आवाज गेला तरी मनात कोरेगावचा रस्ता यायचा. गुरुजी सावकाश चालवणारे, विमा चालू, सगळं खरं, तरी. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी नाव बदललेलं दिसलं. मी तो स्क्रीन अण्णांसमोर धरला. चष्मा शोधून त्यांनी तो दोनदा वाचला.

कार्ड पोस्टाने गुरुजींकडे पोचलं तसे ते त्या रविवारी आले. आई पुढच्या सीटवर, मागे पत्नी आणि कंदी पेढ्यांचा बॉक्स. आईंना सज्जनगडला न्यायचं होतं. गुरुजींनी कार्ड आधी अण्णांच्या हातात दिलं आणि मग दहा हजार माझ्या खात्यात पाठवले. मी कार्डाची झेरॉक्स करून करारनाम्याच्या फाइलमध्ये लावली. अण्णा काठी टेकत फाटकापर्यंत गेले. बॉनेटवर हात ठेवला, काढला आणि गुरुजींना म्हणाले, "रेडिएटरचं पाणी बघून घ्या. उन्हाळ्यात घाटात काटा अर्ध्याच्या वर जाऊ लागला की थांबायचं, लगेच झाकण उघडायचं नाही."

गुरुजींनी तिथेच बॉनेट उघडून पाणी बघितलं.